नुसतं ‘टक्’ होतं, गाडी सुरू होत नाही

चावी फिरवली की डॅशबोर्डचे दिवे लागतात, डिझेलचा काटा वर येतो, टेपसुद्धा वाजतो. पण इंजिन काही फिरत नाही. बॉनेटखालून नुसतं एकदा ‘टक्’ होतं, नाहीतर ‘टकटकटक’ अशी माळ लागते आणि चावी सोडली की थांबते. “सेल्फ घेईना,” असं म्हणून आपण खाली उतरतो आणि आजूबाजूचे लोक जमायला लागतात. एक म्हणतो, बॅटरी उतरली. दुसरा म्हणतो, सेल्फ गेला. तिसऱ्याने तोवर मागून धक्का द्यायला हात लावलेला असतो.

अंकुशनगरसारख्या ठिकाणी हा बिघाड जास्तच जाचतो. जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातली ही वस्ती समर्थ सहकारी साखर कारखान्यामुळे उभी राहिली. महाकाळा, वडीगोद्री, शहागड ही गावं जवळ, धुळे–सोलापूर महामार्ग हाताशी आणि गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा. रस्ता चांगला आहे, पण गाडीच्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर गाठायचं तर मोठ्या शहराची वाट धरावी लागते. रात्री-अपरात्री आजारी माणसाला घेऊन निघायचं असेल आणि गाडीने नुसतं ‘टक्’ केलं, तर टोचन लावून गाडी नेण्याइतका वेळ कुणाकडे असतो? म्हणून या बिघाडाची जाण चालवणाऱ्याला स्वतःला हवी.

ती येणं अवघडही नाही. या बिघाडात गाडी आवाजातूनच बरंचसं सांगत असते. तो नीट ऐकला आणि दोन-चार ठिकाणी व्होल्ट मोजले, तर करंट नेमका कुठे अडतोय हे बहुतेक वेळा कळतं. न मोजता पहिल्याच झटक्यात नवी बॅटरी घेतली, तर कधी पैसे सार्थकी लागतात, कधी पंधरा दिवसांनी तीच टकटक पुन्हा सुरू होते. कारण दोष बॅटरीत नव्हताच, तो तिच्या टर्मिनलवरच्या पांढऱ्या भुकटीत होता.

आवाज येतो कुठून?

‘सेल्फ’ म्हणजे स्टार्टर मोटर. तिच्या पाठीवर मुठीएवढं एक नळकांडं बसवलेलं असतं, तो सोलेनॉईड. आवाज त्याचाच. चावी फिरवली की पातळ तारेतून थोडासा करंट रिलेमार्फत सोलेनॉईडपर्यंत पोहोचतो. त्याच्या आत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात आणि मधोमध लोखंडी दांडा. करंट आला की वेटोळ्यांचं लोहचुंबक होतं आणि दांडा जोरात आत खेचला जातो.

दांडा आत जाताना दोन कामं एकदम होतात. पुढच्या बाजूला एक काटा लहान दातेरी चाक, म्हणजे पिनियन, पुढे ढकलतो आणि ते इंजिनच्या फ्लायव्हीलच्या दात्यांत जाऊन बसतं. मागच्या बाजूला तांब्याची एक चकती दोन जाड बोल्टांवर आदळते. एका बोल्टला बॅटरीची जाड केबल आलेली असते, दुसरा बोल्ट मोटरला जोडलेला असतो. चकती टेकली की बॅटरीचा करंट थेट मोटरमध्ये घुसतो आणि मोटर इंजिन फिरवायला लागते. लहान पेट्रोल गाडीत हा करंट शंभर-दीडशे अँपिअर असतो, डिझेल गाडीत त्याहून जास्त. एवढा करंट चावीच्या नाजूक स्विचमधून नेता येत नाही, म्हणून मध्ये हा सोलेनॉईड.

तेव्हा ‘टक्’ याचा अर्थ इतकाच की चावीचा हुकूम सोलेनॉईडपर्यंत पोहोचला. चावी, फ्यूज, रिले आणि पातळ तार इथवरचा रस्ता बहुधा ठीक आहे. अडचण त्याच्या पुढे, जाड करंटच्या रस्त्यावर आहे: बॅटरी, तिची टर्मिनल्स, जाड केबल, अर्थिंग, सोलेनॉईडची चकती, मोटर, आणि क्वचित खुद्द इंजिन. एवढ्या सात ठिकाणांत उत्तर दडलेलं असतं.

लागोपाठ टकटक

जलद, सलग टकटक होत असेल तर पहिला संशय बॅटरीवर किंवा तिच्या जोडणीवर घ्यावा. असं का, हे सोलेनॉईडच्या रचनेतून कळतं. त्याच्या दोन वेटोळ्यांपैकी एक दांडा ओढून घेणारं, जास्त ताकदीचं असतं; दुसरं फक्त धरून ठेवणारं, कमी ताकदीचं. चकती बोल्टांवर टेकताच पहिल्या वेटोळ्याच्या दोन्ही टोकांना सारखाच व्होल्ट मिळतो, त्यामुळे त्यातला करंट बंद होतो. दांडा जागेवर ठेवायची जबाबदारी एकट्या दुसऱ्या वेटोळ्यावर येते.

बॅटरी उतरलेली असेल तर चकती टेकते, मोटर भला मोठा करंट मागते आणि बॅटरीचा व्होल्ट एकदम खाली बसतो. धरून ठेवणाऱ्या वेटोळ्यात जोर राहत नाही, स्प्रिंग दांड्याला मागे ढकलते आणि चकती सुटते. चकती सुटली की मोटरची मागणी थांबते, व्होल्ट पुन्हा वर येतो, दांडा पुन्हा आत खेचला जातो. सेकंदात अनेक वेळा हेच घडतं आणि आपल्याला टकटक ऐकू येते. यावेळी डॅशबोर्डकडे पाहा: दिवे आवाजाच्या तालावर मिणमिणत असतील किंवा विझून लागत असतील, तर व्होल्ट बसतोय हे नक्की.

मात्र व्होल्ट बसतो म्हणजे बॅटरीच खराब, असं नाही. बॅटरी चांगली पण चार्ज झालेली नाही, किंवा टर्मिनल सैल आहे, तरीही आवाज हाच येतो. त्यासाठी मोजावं लागतं, ते पुढे पाहू.

एकच दमदार ‘टक्’

चावी फिरवल्यावर एकच ठोस आवाज आला, दांडा आत जाऊन तिथेच थांबला, डॅशबोर्डचे दिवे फारसे मंदावले नाहीत आणि इंजिन हललंही नाही, तर मोटरपर्यंत करंट जातच नाही असं समजावं. दोन मुख्य कारणं असतात. एक, सोलेनॉईडची चकती आणि बोल्टांची टोकं जळून खडबडीत झालेली असतात. दांडा आत जातो, पण तांब्याला तांबं नीट टेकत नाही. दुसरं, मोटरमधले कार्बन झिजलेले असतात. कार्बन म्हणजे फिरत्या आर्मेचरवर घासत करंट पोहोचवणारे छोटे ठोकळे. ते झिजून आखूड झाले की स्प्रिंगचा दाब पुरत नाही आणि करंट तुटतो. अशी गाडी कधी पहिल्याच झटक्यात सुरू होते, तर कधी दहा वेळा चावी फिरवावी लागते. सोलेनॉईड आणि कार्बन दोन्ही बदलून मिळतात. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे सेल्फ खोलून हे काम होतं. पूर्ण नवा सेल्फ लागतोच असं नाही.

एकच ‘टक्’ होऊन दिवे मात्र एकदम मंदावले, तर मोटरला करंट मिळतोय पण ती फिरू शकत नाही. बॅटरी अर्धवट उतरलेली असू शकते, आर्मेचर बुशमध्ये अडकलेलं असू शकतं, पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यांत रुतलेलं असू शकतं, किंवा इंजिनच जाम झालेलं असू शकतं. हाताच्या गिअरची गाडी सपाट जागी असेल तर चावी बंद करून ती वरच्या गिअरमध्ये टाकावी आणि किंचित पुढे-मागे ढकलावी. गाडी थोडा जोर लावून हलली तर इंजिन फिरतंय, आणि रुतलेलं पिनियनही कधीकधी तेवढ्याने सुटतं. नंतर गिअर न्यूट्रलला आणायला विसरू नये.

आणखी एक प्रकार कारखान्याच्या रस्त्यावर नेहमी दिसतो. लांबून ऊस भरून आलेला ट्रॅक्टर वजनकाट्याच्या रांगेत बंद केला की थोड्या वेळाने सेल्फ घेत नाही. तासाभराने आपोआप घेतो. गरम इंजिनशेजारी बसलेला सेल्फही तापतो. तांब्याचा विद्युतरोध दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.4 टक्क्यांनी वाढतो, म्हणजे साठ अंशांनी तापमान वाढलं तर जवळपास चोवीस टक्क्यांनी. नव्या सेल्फला हे सहज झेपतं, झिजलेल्याला झेपत नाही. म्हणून रांगेतले चालक इंजिन बंदच करत नाहीत आणि डिझेल जाळत उभे राहतात. त्यापेक्षा सेल्फ एकदा खोलून घेणं स्वस्त पडतं.

आवाज मुळीच येत नसेल, तर शोध उलट्या बाजूने सुरू करावा: चावीचा स्विच, फ्यूज, रिले, क्लच दाबल्याशिवाय सुरू न होणाऱ्या गाडीत क्लचचा स्विच, ऑटोमॅटिकमध्ये गिअर पी किंवा एनवर आहे का, आणि डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह चमकतंय का. चमकत असेल तर गाडीने चावी ओळखलेली नाही. जवळ दुसरी चावी असेल तर ती लावून पाहावी. आवाज येतोय पण तो बॉनेटखालून नाही, डॅशबोर्डच्या आतून येणारी बारीकशी टिकटिक आहे, तर तो नुसता रिलेचा असू शकतो. म्हणून एकाने चावी फिरवावी आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून कान द्यावा.

“दिवे तर लागतात, मग बॅटरी कशी खराब?”

हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो आणि सगळी फसगत इथेच होते. पुढच्या दिव्यांना मिळून नऊ-दहा अँपिअर लागतात, आतल्या बल्बला अर्धासुद्धा नाही. सेल्फला दीडशे. आता समजा टर्मिनलवर गंज चढल्यामुळे तिथे फक्त 0.05 ओहम एवढा अडथळा तयार झाला. दहा अँपिअरच्या दिव्यांसाठी त्या अडथळ्यावर अर्धा व्होल्ट वाया जातो. दिवे लख्ख दिसतात. दीडशे अँपिअरसाठी त्याच अडथळ्यावर साडेसात व्होल्ट वाया जायला हवेत. बारा व्होल्टांतले साडेसात वाटेतच संपले तर मोटरला राहिलं काय? म्हणजे तेवढा करंट वाहूच शकत नाही आणि सेल्फ जागचा हलत नाही.

शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. रब्बीत सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की डीपीवरचा व्होल्ट बसतो. घरातला बल्ब पिवळा का होईना पेटतो, पण विहिरीवरची मोटर गुणगुणते आणि पाणी उचलत नाही. गाडीतही हेच घडतं. दिवे लागले म्हणजे बॅटरीत थोडी तरी वीज आहे एवढंच ठरतं. सेल्फ फिरवण्याइतकी ताकद आहे का, ते दिव्यांवरून कळत नाही.

मोजायचं कसं?

एक साधा डिजिटल मल्टीमीटर गाडीत ठेवावा. त्याची कळ 20 व्होल्ट डीसीवर आणावी आणि लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळं मायनसला लावावं. गाडी काही तास बंद राहिल्यानंतर 12.6 व्होल्ट दिसले तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. 12.4 म्हणजे साधारण पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी, 12.0 म्हणजे पाव. आकडा 10.5च्या आसपास अडकून चार्ज करूनही वर येत नसेल, तर सहापैकी एक सेल मेलेला आहे असं समजावं. भरलेला प्रत्येक सेल 2.1 व्होल्टचा असतो, हिशेब सरळ आहे. ती बॅटरी बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

मग मीटर तसाच ठेवून दुसऱ्याला चावी फिरवायला सांगावं. सेल्फवर भार असताना आकडा 9.6च्या खाली जाऊ नये. 12.6 दाखवणारी बॅटरी चावी फिरवताच सहा-सातवर आली, तर ती आतून थकलेली आहे. आकडा बारावरच राहिला आणि नुसतं ‘टक्’ झालं, तर बॅटरीची चूक नाही; पुढे शोधा.

आता टर्मिनलकडे जवळून पाहा. शिशाच्या जाड खुंटीवर पितळेचा किंवा शिशाचा क्लॅम्प बसलेला असतो. दोन्हींच्या मध्ये पांढरी, कधी निळसर-हिरवी भुकटी साठते. बॅटरीतल्या गंधकाम्लाचे फवारे आणि वाफ धातूवर चढून तयार झालेले हे क्षार वीज नीट वाहू देत नाहीत. वरून क्लॅम्प स्वच्छ दिसला तरी आतल्या बाजूला काळपट थर असू शकतो. क्लॅम्प हाताने फिरवून पाहावा. तो जराही फिरला तर सैल आहे.

साफ करताना चावी बंद ठेवून आधी मायनस काढावं, मग प्लस. बसवताना उलट: आधी प्लस, मग मायनस. प्लसचा नट सोडताना पाना बॉडीला टेकला आणि मायनस जोडलेलं असेल, तर जबरदस्त ठिणगी पडते. म्हणून हा क्रम. भुकटीवर गरम पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा टाकला की ती फसफसून विरघळते. सोड्याचं पाणी सेलच्या झाकणातून आत जाऊ देऊ नये. खुंटी आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करून घट्ट बसवावी आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा. गाडी सुरू न होण्याच्या कितीतरी तक्रारी एवढ्यावरच मिटतात, खर्च जवळजवळ शून्य.

तरीही सुटलं नाही तर मीटर अडथळा शोधायला वापरावा. त्याचं एक टोक बॅटरीच्या प्लस खुंटीवर, क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरं सेल्फला आलेल्या जाड केबलच्या बोल्टवर ठेवावं आणि चावी फिरवायला सांगावी. त्या रस्त्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त वाया जात असेल तर केबल किंवा तिची जोडणी दोषी. मग तसंच मायनस खुंटी ते इंजिनचा उघडा धातू, इथे 0.3 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे बॉडीला जोडणारी अर्थिंगची पट्टी तुटली की करंटला परतायचा रस्ताच राहत नाही. चिखलाच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाड्यांत ही पट्टी आधी सडते आणि तिच्याकडे सर्वांत शेवटी लक्ष जातं.

अडलेली गाडी तात्पुरती सुरू करताना

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीचा आधार घ्यायचा तर जंपर केबल जाड हवी. बारीक तारेच्या केबल नुसत्या तापतात. दोन्ही बॅटऱ्या 12 व्होल्टच्याच असाव्यात. उसाची वाहतूक करणाऱ्या अनेक जड ट्रकांमध्ये दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्टची यंत्रणा असते. त्यांच्यावरून कारला करंट दिला तर कारचा संगणक क्षणात जळू शकतो. म्हणून आधी विचारून खात्री करावी.

जोडणीचा क्रम असा: लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक अडलेल्या गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडतेच, आणि बॅटरीजवळ हायड्रोजन वायू असू शकतो. म्हणून ती ठिणगी बॅटरीशेजारी पडू द्यायची नाही. विडी-सिगारेट तर लांबच ठेवावी. चांगली गाडी चारपाच मिनिटं चालू ठेवून मग अडलेली सुरू करावी आणि केबल उलट क्रमाने काढाव्यात.

धक्का स्टार्ट फक्त हाताच्या गिअरच्या गाडीत शक्य असतो: चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, वेग आला की क्लच सोडायचा. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही. नव्या गाड्यांत पंप, इंजेक्टर आणि संगणक यांनाही वीज लागते, त्यामुळे बॅटरी अगदीच मेलेली असेल तर हाताच्या गिअरची गाडीही धक्क्याने दाद देत नाही. महामार्गावर अंधारात तर हा प्रयोग करूच नये. ब्रेक आणि स्टीअरिंगला इंजिनकडून मिळणारी मदत बंद असते आणि मागून येणाऱ्याला ढकलणारी माणसं दिसत नाहीत.

सेल्फच्या बॉडीवर लाकडी दांड्याने हलकेच ठोकलं की अडकलेले कार्बन हलतात आणि गाडी एकदोनदा सुरू होते. ती घरी किंवा गॅरेजपर्यंत न्यायची सवलत आहे, दुरुस्ती नव्हे.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. ट्रॅक्टरचा सेल्फ घेत नसला की खाली उभं राहून सोलेनॉईडच्या दोन बोल्टांवर पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर टेकवून तो सुरू करायची पद्धत आहे. त्यात चावी, क्लचचा स्विच, गिअरची सुरक्षा सगळं वगळलं जातं. ट्रॅक्टर चुकून गिअरमध्ये असेल तर इंजिन सुरू होताच तो चालायला लागतो, आणि पाना धरणारा माणूस मोठ्या चाकाच्या पुढ्यातच उभा असतो. अशाने माणसं दगावतात. कितीही घाई असली तरी ट्रॅक्टर सीटवर बसूनच सुरू करायचा.

दुसरी सावधगिरी पाण्याची. 2006च्या ऑगस्टमध्ये जायकवाडी धरणातून मोठा विसर्ग झाला आणि गोदाकाठची गावं पाण्यात गेली. पुरातून, पाणी भरलेल्या फरशी पुलावरून निघालेली गाडी बंद पडून नुसतं ‘टक्’ करत असेल, तर पुन्हा चावी फिरवू नये. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. जबरदस्ती केली तर पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो आणि किरकोळ काम इंजिन उतरवण्यावर जातं. अशी गाडी टोचन करूनच न्यावी.

दहा सेकंदांची मर्यादा

सेल्फ येण्याआधी इंजिन लोखंडी हँडलने फिरवत. ठिणगी अवेळी पडली की हँडल उलटं फिरे आणि मनगट मोडे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटनचे अभियंते चार्ल्स केटरिंग यांनी 1911मध्ये विजेचा स्टार्टर तयार केला आणि 1912च्या कॅडिलॅक गाड्यांवर तो बसला. इंजिन फिरवायचं तर मोटर प्रचंड मोठी लागेल, अशी तोवर अभियंत्यांची समजूत होती. केटरिंग यांनी त्याआधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. लहान मोटरकडून तिच्या ताकदीबाहेरचं काम काही क्षणांपुरतं करून घेता येतं, हे त्यांना तिथून माहीत होतं.

आजचा सेल्फही त्याच तत्त्वावर चालतो. तो काही सेकंदांसाठीच बनवलेला आहे. म्हणून एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त चावी फिरवून धरू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये निदान अर्धा मिनिट थांबावं. न थांबता सेल्फ मारत राहिलं की बॅटरी उतरते, सोलेनॉईडची चकती जळते आणि आर्मेचरची वाइंडिंग करपते; एका दोषाचे तीन होतात.

मराठवाड्यातली बॅटरी

गॅस्टन प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859मध्ये शिशाची बॅटरी बनवली, तिचंच सुधारलेलं रूप आपल्या गाडीत आहे: शिसं, शिशाचा ऑक्साइड आणि पातळ गंधकाम्ल. वीज देताना दोन्ही प्लेटांवर शिशाचा सल्फेट चढतो आणि आम्ल पातळ होत जातं. चार्ज करताना उलट होतं. बॅटरी बराच काळ उतरलेली राहिली की सल्फेटचे स्फटिक कडक होतात आणि पुन्हा विरघळत नाहीत. ती बॅटरी मग कितीही चार्ज केली तरी धरत नाही.

थंडीत बॅटऱ्या मरतात असा समज आहे. आपल्याकडे त्या मरतात उन्हाळ्यात आणि उघडकीला येतात हिवाळ्यात. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. एप्रिल-मेमध्ये जालन्यात पारा चाळीस ओलांडतो आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी वर जातो. प्लेटा गंजतात, पाणी उडतं. पुढे डिसेंबरच्या थंड पहाटे इंजिन ऑइल घट्ट होतं, सेल्फला जास्त जोर लागतो आणि मे महिन्यात झालेलं नुकसान तेव्हा ‘टक्’ म्हणून ऐकू येतं. म्हणून बॅटरीची तपासणी पावसाळ्याआधी करावी, थंडीची वाट पाहू नये. पाणी घालायच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावं. बोअरचं क्षारयुक्त पाणी प्लेटा खाऊन टाकतं. हायड्रोमीटरने सहाही सेल पाहावेत: भरलेल्या सेलचं गुरुत्व 1.260च्या आसपास असतं आणि एखादाच सेल इतरांपेक्षा 0.050ने मागे असेल तर तो चालला समजावं.

बॅटरी दगा देण्याचं दुसरं कारण वापर. एका वेळी सुरू करायला बॅटरीतून फार वीज जात नाही. दीडशे अँपिअर दोन सेकंद म्हणजे एक दशांश अँपिअर-तासही भरत नाही. पण अंकुशनगरच्या वसाहतीतून वडीगोद्रीच्या बाजारापर्यंत आणि परत, असा रोज दहा मिनिटांचा प्रवास, त्यात एसी आणि दिवे चालू, तर अल्टरनेटरला बॅटरी पूर्ण भरायला सवडच मिळत नाही. उभ्या गाडीतही घड्याळ, संगणक, सेंट्रल लॉक थोडी वीज पीत असतात. 50 मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला 1.2 अँपिअर-तास जातात आणि 35 अँपिअर-तासाची बॅटरी दोन आठवड्यांत निम्मी होते. वरून जीपीएस ट्रॅकर किंवा डॅशकॅम जोडला असेल तर त्याहून लवकर. मुलगा पुण्याला आणि गाडी गावच्या ओट्यापुढे महिनोन् महिने उभी, अशी स्थिती अनेक घरांत आहे. अशा गाडीचं मायनस काढून ठेवावं, किंवा आठवड्यातून एकदा ती अर्धा-पाऊण तास खरोखर चालवून आणावी. जागेवर पाच मिनिटं सुरू ठेवल्याने फारसा फायदा होत नाही.

नवी बॅटरी टाकूनही पुन्हा तीच तक्रार आली तर अल्टरनेटर तपासावा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवेत. 12.6च्या वर आकडा जातच नसेल तर बेल्ट किंवा अल्टरनेटर दोषी. 15च्या पुढे जात असेल तर बॅटरी उकळून खराब होते. काही नव्या गाड्यांत संगणक हा आकडा मुद्दाम खालीवर करतो, तिथे एका वाचनावर निकाल देऊ नये. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाडीला तशा वापरासाठीच बनवलेली बॅटरी लागते. साधी टाकली तर ती लवकर दम सोडते.

खर्च करण्याआधी

क्रम लक्षात ठेवायला सोपा आहे. आधी आवाज ऐकायचा आणि दिव्यांकडे पाहायचं. मग टर्मिनल हलवून, साफ करून घट्ट करायचं. नंतर बॅटरीचा व्होल्ट भाराविना आणि भारासह मोजायचा. मग केबल आणि अर्थिंग, आणि शेवटी सेल्फ खोलायचा. पहिल्या दोन पायऱ्यांना पैसे लागत नाहीत, तिसरीला एक मीटर पुरतो. महागडं काम शेवटी येतं आणि तोपर्यंत ते खरंच लागणार आहे का, हे कळलेलं असतं.

बॅटरी बदलावीच लागली तर जुनी भंगारवाल्याकडे फोडायला देऊ नये. आतलं शिसं विषारी आहे आणि उघड्यावर वितळवलं तर त्याचा त्रास आधी लहान मुलांना होतो. 2022च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यात न टाकता अधिकृत संकलन किंवा पुनर्वापर व्यवस्थेकडे द्यायची असते. नवी घेताना विक्रेत्याकडे जुनी जमा केली की तिचे पैसेही वजा होतात.

आणि ऑटो इलेक्ट्रिशियनला फोन करताना “गाडी सुरू होईना” एवढंच सांगून थांबू नये. “एकच टक् होतं, दिवे मंदावत नाहीत, बॅटरी बारा पॉइंट पाच आहे, चावी फिरवल्यावरही बारावरच राहते,” असं सांगावं. तो येताना बॅटरीऐवजी कार्बन आणि सोलेनॉईड घेऊन येईल. त्याची एक खेप वाचेल, तुमची रात्र वाचेल आणि चांगली बॅटरी उगाच बदलली जाणार नाही.